धणे, संत्र्याची साल आणि एक दूधवाला: बेल्जियमच्या पांढऱ्या बिअरची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. माझे शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि रेकॉर्डिंगच्या मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी वगळली आहे.

आजचा विषय उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा बंगळूरमध्ये एखाद्या मायक्रोब्रूअरीत गेलात तर मेन्यूवर एक नाव हमखास दिसतं: बेल्जियन विट. फिकट, गढूळ, थोडी संत्र्याच्या वासाची गव्हाची बिअर. पहिल्यांदा बिअर पिणाऱ्याला वेटर बहुतेक वेळा हीच सुचवतो, कारण ती कडू नसते. आणि बाटलीत हवी असेल तर या प्रकारातलं जगातलं सगळ्यात ओळखीचं नाव आहे ते स्पेलिंगवरून आपण 'होएगार्डन' वाचतो. तिथले लोक म्हणतात 'हूखार्डन', आणि तो 'ख' घशातून, खाकरल्यासारखा. हे एका गावाचं नाव आहे. गाव बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये. डचमध्ये 'विट' म्हणजे पांढरा. म्हणून विटबिअर, पांढरी बिअर.

ही चव आज जगभर मिळते, त्यामुळे ती कायमच होती असं वाटतं. पण १९६० साली तुम्ही हूखार्डन गावात जाऊन पांढरी बिअर मागितली असती तर मिळाली नसती. शेवटची ब्रूअरी बंद झाली होती. ती पुन्हा का मिळायला लागली, आणि मग ती कोणाची झाली, ही आजची गोष्ट. पण आधी ग्लास.

बाटली थेट तोंडाला लावू नका, एवढी एक विनंती. दोन तृतीयांश बिअर ग्लासात ओता, मग बाटली हातात धरून हलकेच गोल फिरवा आणि उरलेली वरून ओता. तळाशी बसलेलं यीस्ट त्यामुळे मिसळतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा जो गढूळपणा दिसतो तो खराबी नाही. काही यीस्टमुळे, आणि बराचसा गव्हातल्या प्रथिनांमुळे.

गहूसुद्धा कच्चा. नेहमीच्या बिअरमध्ये बार्लीला मोड आणतात, वाळवतात, भाजतात, आणि त्यालाच माल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, तीच कल्पना. मोड आले की धान्यातल्या पिठूळपणाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात आणि मग यीस्ट त्या साखरेवर ताव मारतं. विटबिअरमध्ये बार्लीचा माल्ट असतोच, पण त्याच्यासोबत जवळपास तेवढाच मोड न आणलेला साधा गहू घालतात, कधी थोडे ओट्सही. बार्लीतली एन्झाइम्स गव्हाचंही काम उरकतात. गव्हामुळे फेस दाट येतो आणि घोट मऊ लागतो.

वासात पहिल्यांदा येते संत्र्याची साल. ही साल खायच्या संत्र्याची नाही. कुरासाव नावाचं कॅरिबियन समुद्रातलं एक बेट आहे. स्पॅनिश लोकांनी तिथे संत्र्याची झाडं नेली, पण त्या कोरड्या जमिनीत फळ इतकं कडू झालं की खाण्याजोगं राहिलं नाही. सालीला वास मात्र अप्रतिम. १६३४ मध्ये डचांनी ते बेट घेतलं आणि वाळवलेली साल त्यांच्या बंदरांतून युरोपभर गेली. दुसरा वास आहे आपल्या रोजच्या ओळखीचा, फक्त बिअरमध्ये अपेक्षित नसलेला: धणे. खोटं वाटत असेल तर खलबत्त्यात चमचाभर धणे न भाजता जाडसर कुटा आणि लगेच नाक लावा. आमटीच्या मसाल्याचा वास येणार नाही, लिंबाच्या जवळ जाणारा, किंचित फुलांचा वास येईल. भाजले की तो उडतो, म्हणून आपल्या स्वयंपाकघरात तो फारसा भेटत नाही. बिअर न पिणाऱ्या मंडळींनीही हा प्रयोग करून बघावा, फुकट आहे. तिसरी असते लवंगेची पुसट छटा. लवंग कोणी घातलेली नसते, ती यीस्टची करामत.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट करणारी फुलं, इथे अगदी बेताची. हूखार्डनमध्ये अल्कोहोल ४.९ टक्के. फसफस भरपूर. घोटाच्या शेवटी किंचित आंबटसर वाटतं आणि तोंड स्वच्छ होतं. उन्हात ही बिअर चालते ती यामुळे: गोडी कमी, कडू कमी, आणि घोट गिळल्यावर जिभेवर काही रेंगाळत नाही. फक्त बर्फासारखी गार करून पिऊ नका, धणे-संत्रं सगळं गोठून जातं. जरा थांबा. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं आणि परवानाही लागतो, हे सांगणं माझं काम.)

आता नकाशा उघडा. ब्रसेल्सच्या पूर्वेला, साखरेसाठी प्रसिद्ध असलेल्या टीनेन शहराला लागून हूखार्डन सापडेल. आजूबाजूची जमीन सुपीक, गहू, बार्ली, बीट सगळं पिकतं. पण नुसतं धान्य पिकतं म्हणून काही बिअरचं गाव होत नाही, नाहीतर टीनेनच्या भोवतालची सगळीच गावं झाली असती. हूखार्डनकडे एक जादा गोष्ट होती: चुकीच्या बाजूला पडलेली सीमा.

मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत आजूबाजूचा मुलूख ब्राबांतच्या ड्यूकशाहीचा होता आणि मधलं हे एवढंसं गाव मात्र लीज शहरातल्या बिशपचं. हा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता, राज्य करायचा, म्हणून त्याला प्रिन्स-बिशप म्हणत. म्हणजे चारही बाजूंनी ब्राबांत आणि मधे लीजचं बेट. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सातारा-सांगलीकडे ब्रिटिश मुलखाच्या मधेमधे औंध, सांगली, मिरज, जमखंडी अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. एक गाव इंग्रजांचं, शेजारचं संस्थानचं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली ती औंध संस्थानात, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पाच-दहा मैल इकडेतिकडे झालं असतं तर इतिहास वेगळा असता.

हूखार्डनचं तसंच. ब्राबांतचे बिअरवरचे कर इथे लागू नव्हते. शेजारच्या ब्रूअरला जो कर भरावा लागे तो इथल्या ब्रूअरला नाही, आणि गिऱ्हाईक मात्र तेच, सीमेपलीकडचं. हे अजून सोपं करून हवं असेल तर बांद्याहून पत्रादेवीला जा. सीमा ओलांडली की दारूची दुकानं सुरू होतात. गोव्याच्या लोकांना तहान जास्त लागते म्हणून ती तिथे नाहीत, दोन राज्यांच्या करांमध्ये फरक आहे म्हणून आहेत. अठराव्या शतकात हूखार्डनमध्ये तीसहून जास्त ब्रूअरी होत्या. आजही ते सात हजारांच्या आसपास लोकवस्तीचं गाव आहे. तेव्हा गल्लीत किती वाफ असेल!

लोक या बिअरला 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणतात तेव्हा मला हे कराचं कलम आठवतं. बाटलीवर १४४५ साल छापलेलं असतं, आणि ते बघून डोळ्यासमोर येतात मठ, साधू, गुप्त पाककृती वगैरे. मला तरी या परंपरेचा पाया बराच व्यवहारी वाटतो. आणि त्यात कमीपणा काही नाही.

पाया सीमेचा होता, म्हणून सीमा गेल्यावर तो हलला. १७९५ मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्सने ब्राबांतसकट लीजचं राज्य स्वतःत विलीन केलं. बिशपचं राज्य संपलं, ब्राबांतची वेगळी करव्यवस्था संपली, सगळ्यांना एकच कायदा. हूखार्डनची सवलत एका फटक्यात गेली. ब्रूअरी लगेच बंद पडल्या नाहीत, एकोणिसाव्या शतकभर बऱ्याच चालू होत्या, पण आता त्यांना चवीवर जगायचं होतं.

आणि चवीच्या बाजारात नवा गडी आला. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन शहरात सोनेरी, काचेसारखी स्वच्छ लागर बिअर निघाली. पुढे यंत्राने थंडावा करता यायला लागला तशी ती सगळीकडे बनू लागली. ती टिकायची, रेल्वेने लांब जायची. पांढरी बिअर ताजीच प्यावी लागे, उन्हाळ्यात लवकर आंबायची. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला आणि ब्रूअरींची तांब्याची भांडी युद्धसामग्रीसाठी काढून नेली. अनेक लहान ब्रूअरी त्यातून सावरल्याच नाहीत. १९२६ मध्ये जवळच्याच लूव्हेन शहरातल्या आर्टवा कंपनीने नाताळसाठी म्हणून एक लागर काढली, तीच स्टेला आर्टवा. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. मग शीतपेयं आली. १९५० च्या दशकात हूखार्डनमधली शेवटची टोमसिन नावाची ब्रूअरी बंद झाली.

आता आपला दूधवाला. प्येर सेलिस, जन्म १९२५, धंदा दूध घरोघरी पोचवायचा. टोमसिन ब्रूअरीच्या शेजारी वाढलेला, आणि तरुणपणी तिथे हाताखाली काम केलेला. टोमसिन बंद झाल्यावर गावातल्या लोकांना त्या चवीची आठवण येत राहिली आणि साधारण १९६५-६६ मध्ये, म्हणजे चाळिशीत, या माणसाने स्वतःच ती बनवायला घेतली. ब्रूइंगची पदवी वगैरे काही नाही. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला हा भाग फार जवळचा वाटतो: कंपनी बंद, सर्व्हर बंद, डॉक्युमेंटेशन नाही, आणि तिथे कधीकाळी हाताखाली काम केलेला एक जण आठवणीतून सगळं पुन्हा लिहायला बसलाय.

आठवणीतून लिहिलेली गोष्ट मूळ गोष्टीसारखी हुबेहूब नसते. जुनी पांढरी बिअर बरीच आंबट असायची, कारण तिच्यात यीस्टसोबत दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंदही काम करायचे. सेलिसची बिअर जास्त स्वच्छ, धणे-संत्र्याचा वास पुढे, आंबटपणा मागे. त्यामुळे 'परंपरा पुन्हा जिवंत केली' हे वाक्य मी अर्धंच खरं मानतो. त्याने विसाव्या शतकातल्या माणसाला आवडेल अशी एक नवी बिअर केली आणि तिला जुनं नाव दिलं. ती चालली याचं श्रेय त्यामुळे त्यालाच जास्त जातं.

आणि ती चाललीच. लूव्हेन हे विद्यापीठाचं शहर, तिथल्या विद्यार्थ्यांनी ती उचलली. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन नावाच्या इंग्रज लेखकाचं जगभरच्या बिअरवरचं पुस्तक आलं (तो नाचणारा नव्हे, हा वेगळा, आणि बिअरच्या दुनियेत तोच जास्त प्रसिद्ध) आणि बेल्जियन बिअरकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सेलिसने गावातला जुना लेमोनेडचा कारखाना घेतला आणि तिथे मोठी ब्रूअरी उभी केली, नाव 'दे क्लाउस'. ज्या शीतपेयांनी पांढरी बिअर मागे ढकलली त्यांच्याच इमारतीत.

१९८५ मध्ये तिथे आग लागली. विमा होता, पण नुकसानीच्या मानाने फारच अपुरा. पुन्हा उभारायला पैसे हवे होते, आणि ते दिले कोणी? लूव्हेनच्या आर्टवाने, त्या लागरवाल्यांनी. मदत खरी होती, तिच्याशिवाय ब्रूअरी उभी राहिली नसती. पण पैशासोबत मालकीतला हिस्सा गेला. आर्टवा पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळून इंटरब्रू झाली, आणि मोठ्या कंपनीच्या हाताखाली काम करणं सेलिसला मानवलं नाही. त्याने उरलेला हिस्साही विकला. पासष्टीच्या आसपासचा माणूस, हातात पैसे आलेले, गावात मान. आपल्याकडे असता तर मुलांनी सांगितलं असतं, आता देवदर्शन करा.

तो गेला टेक्सासला. ऑस्टिन शहरात १९९२ मध्ये सेलिस ब्रूअरी उघडली. जागा निवडताना पाण्याचा विचार होता: ऑस्टिनचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, हूखार्डनसारखंच. हूखार्डन हे नाव विकून झालं होतं, म्हणून बिअरला दिलं स्वतःचं आडनाव: सेलिस व्हाइट. अमेरिकन लोकांनी ती डोक्यावर घेतली. १९९५ मध्ये मेन राज्यात रॉब टॉडने अलागाश व्हाइट काढली, आणि त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये कूर्स या बलाढ्य कंपनीच्या छत्राखाली कीथ व्हिलाने ब्लू मून काढली. ग्लासाच्या कडेला संत्र्याची फोड खोचायची पद्धत तिकडची. माझं ऐकाल तर फोड बाजूला ठेवा. संत्रं बिअरमध्ये आधीच आहे, आणि रसातल्या आम्लाने फेस बसतो.

१९९५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. सेलिस ब्रूअरीत मिलर या मोठ्या अमेरिकन कंपनीने हिस्सा घेतला, काही वर्षांत पूर्ण ताबा घेतला, आणि २००१ मध्ये ब्रूअरी बंद होती. सेलिस हा ब्रँड मिशिगनमधल्या एका कंपनीला विकला गेला. म्हणजे बघा, आधी गावाचं नाव गेलं, मग स्वतःचं आडनाव. अमेरिकेत 'सेलिस' अशी पाटी लावायची तर ती प्येर सेलिसच्या हातात राहिली नव्हती.

इकडे बेल्जियममध्ये इंटरब्रू ब्राझिलच्या कंपनीशी जोडली जाऊन २००४ मध्ये इनबेव्ह झाली. २००५ मध्ये इनबेव्हने जाहीर केलं की हूखार्डन बिअर आता हूखार्डनमध्ये बनणार नाही, उत्पादन ज्यूपिल इथल्या मोठ्या कारखान्यात हलवणार. स्प्रेडशीटवर निर्णय बरोबरच असणार. ज्यूपिल आहे कुठे? लीज शहराच्या कडेला. ज्या लीजच्या बिशपामुळे हे गाव बिअरचं गाव झालं, तिथेच बिअर उचलून न्यायची! गावकरी रस्त्यावर उतरले, मोर्चे काढले. गावाच्या नावाची बिअर गावात बनत नसेल तर ते नाव कशाचं, असा त्यांचा सवाल होता.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, कंपनीने निर्णय फिरवला. जाहीर कारण मागणीचं होतं: परदेशात खप वाढतोय, दोन्ही कारखाने हवेत. ज्यूपिलमध्ये चव जुळत नाही अशी चर्चाही तेव्हा बरीच छापून आली होती. कोणत्याही इंजिनीअरला यातलं दुःख कळेल. कोड तोच, कॉन्फिगरेशन तेच, आणि नव्या मशीनवर चालत नाही. पाणी, टाकीची उंची, यीस्टचा मूड, सगळं मोजता येतं असं वाटतं आणि तरी काहीतरी हातातून निसटतं. बिअर गावातच राहिली. वर्षभरात इनबेव्हने अमेरिकेची अनहायझर-बुश विकत घेतली आणि जगातली सगळ्यात मोठी बिअर कंपनी झाली. हूखार्डन आज तिच्याच यादीत आहे, भारतात येते तीही त्यामुळेच.

आपल्याकडचा धागाही थेट बेल्जियमपर्यंत जातो. २०१५ मध्ये बिरा ९१ बाजारात आली तेव्हा तिच्या पहिल्या बाटल्या फ्लँडर्समध्ये बनून इथे आयात होत होत्या, आणि तिची 'व्हाइट' ही गव्हाची, कमी कडू, लिंबूवर्गी वासाची बिअर होती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिली गढूळ बिअर प्यायली ती हीच. बाटलीवर माकड होतं, हूखार्डनचं नाव कुठेच नव्हतं.

प्येर सेलिस २०११ मध्ये गेले. त्याआधी त्यांनी सेंट बर्नार्डस या बेल्जियन ब्रूअरीला तिची पांढरी बिअर बसवून दिली होती, आणि सेलिस व्हाइट बेल्जियममध्ये व्हान स्टीनबर्ग ब्रूअरीत बनत होती. त्यांची मुलगी क्रिस्टीन हिने नंतर अमेरिकेतले नावाचे हक्क परत मिळवले आणि २०१७ मध्ये ऑस्टिनमध्ये सेलिस ब्रूअरी पुन्हा उघडली. वडिलांचं आडनाव वापरायला मुलीला ते आधी विकत घ्यावं लागलं.

तर परदेशात असणाऱ्या मंडळींनो, जमलं तर एक काम करा. हूखार्डन, सेंट बर्नार्डस विट आणि सेलिस व्हाइट, तिन्ही शेजारी ठेवून प्या. तिन्ही एकाच दूधवाल्याच्या हातून आलेल्या. कुठली जास्त गोड, कुठलीत धणे पुढे, कुठली आधी संपली, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. इथल्यांनी जवळच्या मायक्रोब्रूअरीतलं विट घेऊन तेच करा, आणि ब्रूअर भेटला तर धणे भाजतो की कच्चे घालतो तेवढं विचारून ठेवा. पुढच्या भागात सगळ्यांची उत्तरं ऐकवतो.